श्वासाचे दोन मार्ग : हिंडनच्या आकाशापासून बुद्ध सर्किटपर्यंत

गाझियाबादजवळ हिंडन नदीच्या काठी भारतीय हवाई दलाचा मोठा तळ आहे. ८ ऑक्टोबरला येणारा हवाई दल दिन अनेक वर्षे याच तळावर साजरा होत आला. तेथे जमलेल्या लोकांना जेट विमानांच्या गर्जनेबरोबरच काही वर्षी जुन्या, पंख्याच्या विमानांचीही घरघर ऐकायला मिळाली. दुहेरी पंखांचे टायगर मॉथ, प्रशिक्षणासाठी वापरले जाणारे हार्वर्ड आणि दोन इंजिनांचे डकोटा ही ती विमाने. यांतले ‘परशुराम’ नावाचे डकोटा ४ मे २०१८ रोजी हिंडन येथेच हवाई दलाच्या ऐतिहासिक विमानांच्या ताफ्यात दाखल झाले. त्याला व्हीपी ९०५ हा क्रमांक मुद्दाम देण्यात आला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या जवानांना श्रीनगरला नेणाऱ्या डकोटांपैकी एकाचा तो क्रमांक.

ही तिन्ही विमाने पेट्रोलवर चालतात आणि तिघांच्याही इंजिनांत सिलिंडर, पिस्टन व झडपा आहेत. तरीही त्यांत एक मूलभूत भेद आहे. टायगर मॉथचे चार सिलिंडरचे जिप्सी मेजर इंजिन बाहेरची हवा स्वतःच्या ओढीने आत घेते. हार्वर्ड आणि डकोटाच्या इंजिनांत मात्र गिअरने फिरणारा एक पंखा असतो. तो हवा दाबून सिलिंडरांत पाठवतो. पहिल्या प्रकाराला ‘नॅचरली ॲस्पिरेटेड’ म्हणजे नैसर्गिक श्वसनाचे इंजिन म्हणतात, दुसऱ्याला ‘सुपरचार्ज्ड’. वेगवान मोटारींच्या जगात या दोन पक्षांमधला वाद गेली शंभर वर्षे चालू आहे. त्याचा इतिहास पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. या वादाचा निकाल दर वेळी यंत्राच्या गुणांनी लागला, तितकाच तो मोजमापाच्या नियमांनीही लागला.

प्रश्न इंधनाचा नव्हे, हवेचा

इंजिनाची ताकद इंधनातून येते, ही समजूत अर्धीच खरी आहे. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी जवळपास पावणेपंधरा किलो हवा लागते. हवा अतिशय हलकी असल्यामुळे एका लिटर पेट्रोलसाठी सुमारे नऊ हजार लिटर हवा इंजिनातून जावी लागते. जास्त पेट्रोल सोडणे कोणत्याही अभियंत्याला सहज जमते. खरी अडचण असते ती त्याच्याबरोबर पुरेशी हवा आत नेण्याची.

पिस्टन खाली सरकतो तेव्हा सिलिंडरमध्ये पोकळी निर्माण होते आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब हवेला आत ढकलतो. म्हणजे नैसर्गिक श्वसनाचे इंजिन ‘ओढते’ असे आपण म्हणत असलो, तरी ढकलण्याचे काम वातावरणच करते. म्हणूनच वातावरणाचा दाब ही अशा इंजिनाची मर्यादा ठरते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथे हा दाब मुंबईपेक्षा साधारण सहा टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे मुंबईहून घाट चढून पुण्यात आलेल्या मोटारीची ताकदही जवळपास तितकीच घटते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहमध्ये दाब एक-तृतीयांशाने कमी असतो, तर ५,५०० मीटरच्या आसपास तो निम्म्यावर येतो.

ही मर्यादा ओलांडण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, सिलिंडर मोठे करणे. दुसरा, इंजिन अधिक वेगाने फिरवणे, म्हणजे एका मिनिटात जास्त श्वास घेणे. हे दोन्ही मार्ग नैसर्गिक श्वसनाच्या पक्षाचे. तिसरा मार्ग म्हणजे हवा आधीच दाबून, घट्ट करून आत पाठवणे. तो सुपरचार्जरचा. याच तिसऱ्या मार्गाची पुढे एक उपशाखा झाली. त्यात पंखा इंजिनाच्या गिअरने वा पट्ट्याने न फिरवता बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोराने फिरवतात. तो टर्बोचार्जर.

तिसऱ्या मार्गाला किंमत मोजावी लागते. हवा दाबली की ती तापते. ३० अंश सेल्सियसची हवा दुप्पट दाबापर्यंत नेली, तर आदर्श स्थितीतही तिचे तापमान ९६ अंशांच्या आसपास जाते आणि प्रत्यक्ष यंत्रात त्याहूनही अधिक. तापलेली हवा प्रसरण पावते. त्यामुळे दाब दुप्पट झाला, तरी सिलिंडरमधली हवा दुप्पट होत नाही. शिवाय इतके गरम मिश्रण ठिणगी पडण्याआधी किंवा पडल्यावर भलत्याच ठिकाणी पेट घेण्याचा धोका असतो. इंजिनात ठोके ऐकू येतात आणि पिस्टनला भोकही पडू शकते. म्हणून हवा थंड करणारी यंत्रणा, चांगल्या ऑक्टेनचे इंधन आणि मजबूत धातू या तिन्ही गोष्टी सोबत लागतात. गिअरने फिरणारा सुपरचार्जर तर स्वतः चालण्यासाठीच इंजिनाच्या ताकदीतला काही वाटा घेतो.

आधी उंचीची भरपाई

हवा ढकलण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील रूट्स बंधूंनी १८६० मध्ये दोन फिरत्या पाळ्यांचा हवा फुंकणारा पंप घडवला. त्याचा उपयोग पुढे भट्ट्यांना व खाणींना हवा पुरवण्यासाठी झाला. गॉटलिब डाइमलर यांनी १८८५ च्या आपल्या पेटंटमध्ये सिलिंडरात मिश्रण दाबून भरण्याचा विचार मांडला होता. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्ये धुराच्या ऊर्जेवर चालणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. मात्र या कल्पनांची निकड भासवली ती विमानाने.

विमान वर जाते तशी हवा विरळ होते. म्हणजे ज्या उंचीवर इंजिनाची सर्वाधिक गरज, तेथेच त्याचा श्वास तोकडा पडतो. १९१८ मध्ये सॅनफोर्ड मॉस यांनी अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर लिबर्टी नावाचे विमानाचे इंजिन नेऊन चालवले. समुद्रसपाटीला सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे हे इंजिन शिखरावर साध्या श्वसनाने सुमारे २३० अश्वशक्तीवर घसरले आणि टर्बोचार्जर जोडताच पुन्हा ३५० च्या वर गेले. उंचीने हिरावलेली ताकद यंत्राने परत मिळवता येते, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले.

भारतासाठी या गोष्टीचे मोल किती होते, हे १९४८ मध्ये दिसले. हल्लेखोर लेहच्या दिशेने सरकत होते आणि जमिनीवरून वेळेत कुमक पोहोचवणे शक्य नव्हते. लडाखी अभियंता सोनम नोरबू यांनी स्थानिक लोकांच्या मदतीने लेहमध्ये सिंधू नदीकाठी एक कच्ची धावपट्टी तयार केली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन त्या धावपट्टीवर डकोटा उतरवले. वाटेत हिमालयाच्या उंच रांगा होत्या आणि विमानाच्या केबिनमध्ये कृत्रिम दाबाची सोय नव्हती.

डकोटाच्या प्रत्येक पंखावर १४ सिलिंडरचे, सुमारे ३० लिटर क्षमतेचे ‘ट्विन वास्प’ इंजिन असे. उड्डाणाच्या वेळी ते १,२०० अश्वशक्ती देई. त्यातला सुपरचार्जर एकाच वेगाचा होता. सुमारे दोन हजार मीटरपेक्षा थोडे वरपर्यंत तो इंजिनाची ताकद टिकवून धरी आणि त्यानंतर ती घटू लागे. हा फरक वरवर लहान वाटेल. पण टायगर मॉथची १३० अश्वशक्ती जमिनीवरून वर उठताच कमी होऊ लागते, तर डकोटाची घसरण दोन हजार मीटरनंतर सुरू होते. लेहला पोहोचणे आणि न पोहोचणे यांतले अंतर त्या दोन हजार मीटरांत सामावले होते. मेहर सिंग यांचे धाडस आणि नोरबूंची धावपट्टी यांच्याइतकाच त्या हवाई पुलाला इंजिनामागच्या गिअरवर फिरणाऱ्या पंख्याचाही आधार होता.

विमानात सुपरचार्जरचे पहिले काम भरपाईचे होते. रस्त्यावर आल्यावर त्याचे काम बदलले. समुद्रसपाटीला जितकी हवा मिळते त्याहूनही जास्त हवा कोंबून इंजिनात भर घालणे हे त्याचे नवे काम झाले, आणि वाद सुरू झाला तो येथून.

तीन आकड्यांच्या मोटारी

पहिल्या महायुद्धानंतर विमानांचे ज्ञान मोटारींकडे वळले. १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात मर्सिडीझने सुपरचार्जर लावलेल्या मोटारी मांडल्या. त्यांतील एकीचे नाव होते ६/२५/४०. त्यातला पहिला आकडा करआकारणीसाठी धरलेल्या अश्वशक्तीचा, दुसरा सुपरचार्जर बंद असतानाच्या ताकदीचा आणि तिसरा तो चालू असतानाच्या. चालकाने पायाखालचा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की पंखा जोडला जाई आणि किंकाळीसारखा आवाज करीत मोटार उसळे. जर्मनीतला कर इंजिनाच्या आकारमानावर ठरत असे. ताकद ४० ची आणि कर ६ चा, असा हा हिशेब होता. मोजपट्टी आकारमानाची असेल तर हवा दाबून भरणारा फायद्यात राहतो, हा धडा येथेच गिरवला गेला.

शर्यतींच्या मैदानावर १९२३ साली फियाट ८०५ या मोटारीने इटालियन ग्रां प्री जिंकली. सुपरचार्जर असलेल्या मोटारीचा ग्रां प्रीमधला तो पहिला विजय. थोड्याच वर्षांत मोठ्या शर्यतींत सुपरचार्जर हा नियमच बनला.

सर्वांनाच हे पटले नव्हते. इंग्लंडमधील बेंटले मोटारींचे निर्माते डब्ल्यू. ओ. बेंटले यांचा सुपरचार्जरला तात्त्विक विरोध होता. जास्त ताकद हवी असेल तर इंजिन मोठे करावे, पंख्याने फुगवू नये, असे त्यांचे मत. त्यांचाच एक चालक टिम बर्किन याला हे मान्य नव्हते. डोरोथी पॅजेट या धनाढ्य स्त्रीच्या पैशावर त्याने साडेचार लिटरच्या बेंटलेला सुपरचार्जर बसवला आणि ‘ब्लोअर बेंटले’ जन्माला आली. मूळ मोटारीची ताकद ११० अश्वशक्तीच्या आसपास होती. शर्यतीच्या ब्लोअरमध्ये ती २४० पर्यंत गेली. १९३० च्या ल मान्स येथील २४ तासांच्या शर्यतीत दोन्ही मते समोरासमोर उभी राहिली. ब्लोअर बेंटले वेगवान होत्या, पण दोन्ही मधेच बंद पडल्या. सुपरचार्जर असलेली मर्सिडीझही शेवटपर्यंत टिकली नाही. पहिल्या दोन क्रमांकांवर आल्या त्या साडेसहा लिटरच्या, नैसर्गिक श्वसनाच्या स्पीड सिक्स बेंटले. शर्यत २४ तास टिकण्याची असेल तेव्हा अंगची ताकद कामी येते, असे बेंटले यांच्या पक्षाला म्हणता आले. मात्र त्याच वर्षी पो येथे झालेल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किनने ती अवजड ब्लोअर दुसऱ्या क्रमांकावर आणली, हेही विसरता येत नाही.

या काळातल्या भारतात अशा मोटारी संस्थानिकांच्या पागांत येत होत्या. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांनी अमेरिकेत घडलेल्या ड्यूसेनबर्ग एसजे या मोटारीवर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून खास सांगाडा चढवून घेतला होता. नारिंगी-काळ्या रंगाची ती दोन आसनी मोटार आजही जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. ड्यूसेनबर्गचे मूळ जे इंजिन ६.९ लिटरचे, आठ सिलिंडरचे आणि निर्मात्याच्या दाव्यानुसार २६५ अश्वशक्तीचे होते. एसजेमधल्या सुपरचार्जरने हा आकडा ३२० वर नेला. माळव्याच्या रस्त्यांवर या ताकदीचा उपयोग फारसा नव्हता. तरी सुपरचार्जर हे त्या दशकात प्रगतीचे आणि प्रतिष्ठेचे चिन्ह झाले होते, याची ही मोटार साक्ष देते.

नियमांचा तराजू

१९५० साली फॉर्म्युला वनची जागतिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा नियमकर्त्यांनी दोन्ही पक्षांना एकाच मैदानात उतरवले. सुपरचार्जर लावायचा असेल तर इंजिन दीड लिटरचे, नसेल तर साडेचार लिटरचे. म्हणजे कोंबलेल्या हवेच्या एका लिटरची किंमत साध्या हवेच्या तीन लिटरांइतकी धरली गेली.

आरंभी अल्फा रोमेओची सुपरचार्जर असलेली मोटार अजिंक्य ठरली. १९५१ पर्यंत तिच्या दीड लिटर इंजिनाने चारशेहून अधिक अश्वशक्ती गाठली होती. पण पंखा फिरवण्यात ताकद खर्च होई आणि तापलेले सिलिंडर थंड राखण्यासाठी अल्कोहोलमिश्रित इंधन भरमसाट ओतावे लागे. ती मोटार एका लिटरमध्ये एक किलोमीटरही धावत नसे. फेरारीचे अभियंता ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी नेमका हा दुबळा दुवा हेरला. त्यांनी साडेचार लिटरचे, बारा सिलिंडरचे, नैसर्गिक श्वसनाचे इंजिन उभे केले. त्याची ताकद थोडी कमी होती, पण भूक फारच कमी. १४ जुलै १९५१ रोजी सिल्व्हरस्टोन येथे अर्जेंटिनाच्या होसे फ्रॉइलान गोन्झालेझने फेरारीतून अल्फाला हरवले. जगज्जेतेपद त्या वर्षीही अल्फाच्या फांजिओलाच मिळाले. मात्र वर्षअखेरीस अल्फा स्पर्धेतून बाहेर पडली. ताकदीचा आकडा मोठा असूनही शर्यत हरता येते, कारण शर्यतीत इंधन भरण्याचा वेळही मोजला जातो.

पुढे तराजूचे काटे बदलत राहिले. १९५४ च्या नियमात साध्या इंजिनाला अडीच लिटर आणि सुपरचार्जरला पाऊण लिटर मिळाले. हे प्रमाण इतके जाचक होते की प्रमुख संघांनी सुपरचार्जर सोडून दिला. १९६६ मध्ये नियम पुन्हा बदलला. साध्या इंजिनाला तीन लिटर, दाबाच्या इंजिनाला दीड. प्रमाण दोनास एक झाले, तरी अकरा वर्षे कोणी तिकडे वळले नाही. १९७७ मध्ये रेनोने दीड लिटरचे टर्बो इंजिन सिल्व्हरस्टोनला आणले. ते वारंवार धूर ओकत बंद पडे, म्हणून इंग्रज प्रेक्षक त्याला पिवळी चहाची किटली म्हणून हिणवत. १९७९ मध्ये दिझाँ येथे तीच ‘किटली’ जिंकली. १९८३ मध्ये टर्बोवर पहिले जगज्जेतेपद मिळाले आणि १९८६ पर्यंत पात्रता फेरीपुरती इंजिने हजार अश्वशक्तीच्या पलीकडे गेली.

हे वेग चालकांच्या जिवावर बेतू लागले, तेव्हा नियमकर्त्यांनी आधी इंधनावर आणि मग दाबावर मर्यादा घातली. १९८८ मध्ये १५० लिटर इंधन आणि अडीच बार दाब एवढीच मुभा होती. तरीही होंडाच्या टर्बो इंजिनावर मॅक्लारेनने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. १९८९ पासून टर्बोवर बंदी आली आणि पुढची पंचवीस वर्षे नैसर्गिक श्वसनाचे राज्य राहिले.

बुद्ध सर्किटवरचे तीन ऑक्टोबर

त्या राज्याच्या अखेरच्या पर्वाचा साक्षीदार दिल्लीच्या परिसरातला एक रस्ता झाला. १९९७ मध्ये गाझियाबाद आणि बुलंदशहर जिल्ह्यांचे भाग तोडून गौतम बुद्ध नगर हा जिल्हा निर्माण झाला. याच जिल्ह्यात, यमुना एक्स्प्रेस-वेच्या बाजूला, हर्मान टिल्के यांनी आखलेले ५.१२५ किलोमीटरचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट उभे राहिले. २०११, २०१२ आणि २०१३ या तीन वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस तेथे इंडियन ग्रां प्री झाली. तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. २७ ऑक्टोबर २०१३ च्या विजयाने त्याचे सलग चौथे जगज्जेतेपदही निश्चित झाले.

त्याच्या रेड बुल मोटारीत रेनोचे इंजिन होते. टर्बो युगाची दारे उघडणाऱ्या याच कंपनीने नैसर्गिक श्वसनाच्या युगातही आपला ठसा उमटवला. २.४ लिटरचे, आठ सिलिंडरचे हे इंजिन मिनिटाला १८,००० फेऱ्यांपर्यंत फिरे. त्या वेगाला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला दीडशे वेळा श्वास घेई आणि एका श्वासासाठी त्याला सेकंदाचा साधारण सहाशेवा भाग मिळे. पूर्ण इंजिन सेकंदाला सुमारे ३६० लिटर हवा गिळत असे. एवढ्या थोड्या वेळात हवा आत जावी म्हणून नळ्यांची लांबी बासरीसारखी नेमकी ठरवली जाई. झडप बंद झाल्यावर नळीत उठलेली दाबाची लाट परतून येते, ती पुढच्या वेळी झडप उघडताना पोहोचली तर काही हवा आपोआप अधिक ढकलली जाते. पंखा न लावता मिळणारा हा छोटासा सुपरचार्जच होय. नळीची लांबी चालू शर्यतीत बदलण्यास २००६ पासून मनाई होती, त्यामुळे कोणत्या वेगासाठी ती जुळवायची याचा निर्णय अभियंत्यांना आधीच घ्यावा लागे. ऑक्टोबरमध्ये सहारा फोर्स इंडियाच्या किंवा एचआरटीमधून धावणाऱ्या नारायण कार्तिकेयनच्या मोटारीतून जो तीक्ष्ण आवाज प्रेक्षकांनी ऐकला, तो याच झपाट्याने चाललेल्या श्वासोच्छ्वासाचा आवाज होता.

२०१४ मध्ये दोन गोष्टी एकदम घडल्या. इंडियन ग्रां प्री वेळापत्रकातून गेली, ती पुन्हा आली नाही. करआकारणीवरून निर्माण झालेले वाद हा त्यामागचा एक मोठा भाग होता. त्यांतला एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि २०१७ मध्ये निकाली निघाला. दुसरीकडे फॉर्म्युला वनने १.६ लिटरच्या, सहा सिलिंडरच्या टर्बो-हायब्रिड इंजिनाचा नियम आणला. या वेळी मोजपट्टीच बदलली होती. आकारमानाबरोबर इंधनही मोजले जाऊ लागले. पूर्वी एका शर्यतीला सुमारे १५० किलो इंधन लागे, आता १०० किलोंची कमाल मर्यादा आली आणि तासाला १०० किलोंहून जास्त इंधन सोडण्यास बंदी झाली. या हिशेबात धुरावाटे वाया जाणारी ऊर्जा परत वापरणारा टर्बो साहजिकच श्रेष्ठ ठरला. जुनी व्ही-८ इंजिने इंधनातील ऊर्जेपैकी सुमारे ३० टक्के कामी आणत. २०१७ मध्ये मर्सिडीझने चाचणीकक्षात ५० टक्क्यांचा टप्पा ओलांडल्याचे जाहीर केले. बदल्यात आवाज हरवला, कारण धुरातली जी ऊर्जा पूर्वी कानांपर्यंत येत असे, ती आता टर्बाइन फिरवू लागली. प्रेक्षकांची नाराजी खरी होती, पण त्या नाराजीचे मूळ भौतिकशास्त्रात होते.

बुद्ध सर्किटने फॉर्म्युला वनचा टर्बो आवाज कधी ऐकलाच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथे मोटोजीपीची मोटारसायकल शर्यत झाली. मार्को बेझेकीने ती जिंकली. तिथल्या हजार सीसीच्या यंत्रांनाही नियमाने नैसर्गिक श्वसनाचेच बंधन होते.

१,२०० सीसीची रेषा

प्रश्न शर्यतीपुरता असता तर तो छंदिष्टांवर सोडता आला असता. पण तोच तराजू भारतीय ग्राहकाच्या दारातही उभा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने लहान मोटारींना कमी अबकारी कर लावला आणि लहान म्हणजे काय, याची व्याख्या केली. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १,५०० पर्यंत. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हाही लहान मोटारीची ही रेषा कायम राहिली.

१९२१ च्या मर्सिडीझचे तीन आकडे आठवले की या नियमाचा परिणाम उलगडतो. कर आकारमानावर असेल तर कारखानदार त्याच आकारमानात जास्त हवा भरण्याचा मार्ग शोधतो. बुद्ध सर्किटवर शेवटची ग्रां प्री झाली त्याच २०१३ साली पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनणारी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय बाजारात आली. तिच्यात १.२ लिटरचे टर्बो इंजिन होते आणि ताकद १०५ अश्वशक्ती. त्याच पोलोच्या साध्या आवृत्तीत १.२ लिटरचेच, पण नैसर्गिक श्वसनाचे, ७५ अश्वशक्तीचे इंजिन मिळत होते. कराच्या नजरेत दोन्ही इंजिने सारखीच लहान होती. त्यानंतरच्या वर्षांत एक ते दीड लिटरची टर्बो पेट्रोल इंजिने भारतीय बाजारात स्थिरावली. महागड्या मोटारींच्या टोकालाही हेच घडले. फेरारीच्या ४५८ मधले मिनिटाला ९,००० फेऱ्यांचे, ५७० अश्वशक्तीचे साधे इंजिन जाऊन २०१५ मध्ये ४८८ मध्ये ६७० अश्वशक्तीचे टर्बो आले. तेथे कारण प्रदूषणाच्या नियमांचे होते.

म्हणून नैसर्गिक श्वसन श्रेष्ठ की दाबाचे, असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला तर त्याला आधी उलट विचारावे लागते की मोजायचे काय? आकारमान मोजले तर दाबाचे इंजिन जिंकते. विश्वासार्हता, वजन आणि पायाच्या हालचालीला मिळणारा तत्काळ प्रतिसाद मोजला तर नैसर्गिक श्वसनाला आजही उत्तर सोपे नाही. एकूण इंधन मोजले तर १९५१ मध्ये साधे इंजिन जिंकले आणि २०१४ मध्ये टर्बो, कारण मधल्या काळात धुरातली ऊर्जा पकडण्याचे तंत्र हाती आले. उंची मोजली तर १९४८ च्या लेहने उत्तर दिलेच आहे.

आता तिसरा स्पर्धक मैदानात उतरला आहे, आणि त्याला श्वासच लागत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या रस्त्यांवर फॉर्म्युला ईच्या विजेवर चालणाऱ्या मोटारी धावल्या. विजेच्या मोटरची ताकद पुण्यात वा लेहमध्ये हवा विरळ झाल्याने घटत नाही. तिच्यासाठीही नियमकर्त्यांना लिटर आणि सीसी सोडून बॅटरीची क्षमता, वजन, चार्जिंगचा वेळ अशी नवी एकके शोधावी लागत आहेत. ही एकके आज ज्या बैठकांत ठरतील, तेथेच पुढच्या पिढीचे विजेते यंत्रही ठरेल. शंभर वर्षांचा इतिहास पाहता, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने इंजिनाच्या आकृतीइतक्याच काळजीने नियमांचे पुस्तकही वाचले पाहिजे.